टाकीचा गळा

मैल्याच्या टाकीविषयी स्मरणिकेत लेख यावा, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. पेढीची बैठक, दुकानाची दर्शनी बाजू, वखारीची मांडणी यांचा विचार आपण हौसेने करतो; परंतु अंगणाखालची टाकी एकदा झाकली, की ती आपल्या मनातूनही पुरली जाते.

बेळगावातील आमच्या वखारीत असेच घडले. टाकी अडीच फूट मातीखाली आणि वर शहाबादी फरशी. ऐन पावसाळ्यात मैला तुंबला, तेव्हा टाकीचे तोंड कोठे आहे हे कोणासच सांगता येईना. तीन ठिकाणी फरशी फोडल्यावर ते सापडले; पण ते जेमतेम फूटभर रुंद. मैला उपसणाऱ्या गाडीची नळी तळच्या घट्ट गाळापर्यंत नीट फिरेना. तेव्हा एक मजूर म्हणाला, "सावकार, भोक थोडं मोठं करून द्या, मी उतरतो." आम्ही त्यास थांबविले खरे, परंतु क्षणभर होकार ओठांवर आला होता, याची आम्हांस आजही लाज वाटते.

अशा टाकीत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साठतो. त्यास सडक्या अंड्यासारखी घाण येते; मात्र प्रमाण वाढले की नाकाची संवेदनाच बधिर होते. उतरलेला मनुष्य कोसळतो आणि त्यास काढावयास गेलेलाही तेथेच राहतो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या विहित साधनांवाचून कोणास टाकीत उतरविणे हा गुन्हा ठरविला असून, पहिल्याच अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्हीही होऊ शकतात.

यावर उपाय म्हणजे टाकीच्या तोंडापासून जमिनीपर्यंत आणलेला उभा गळा. कारागीर त्यास राइझर म्हणतात. मनुष्यास उतरता यावे म्हणून तो नव्हे, तर कोणासही उतरावे लागू नये म्हणून तो बसवावयाचा, हे ध्यानी ठेवावे.

गळ्याचा व्यास सुमारे दोन फूट असावा, म्हणजे नळी व बांबू वरूनच फिरविता येतात. मैला येतो त्या व पाणी जाते त्या, अशा दोन्ही टोकांवर एकेक गळा उत्तम. सिमेंटच्या कड्या मजबूत खऱ्या; पण त्या जड असतात, सांधे पक्के न भरल्यास पावसाचे पाणी आत शिरते आणि टाकीतील वायूंमुळे सिमेंट कालांतराने झिजते. प्लॅस्टिकचा गळा हलका असून गंजत नाही. मात्र टाकीशी जोडताना रबरी कडे हवेच. मालमोटारी फिरतात तेथे त्यावर भार येऊ देऊ नये. वाहतुकीचा भार पेलणारी चौकट व बिडाचे झाकण बसवावे. अन्यत्र झाकण जमिनीपेक्षा दोन-तीन इंच उंच ठेवावे. ते बोल्टने आवळलेले असावे व त्याखाली जाळी असावी. अंगणात मुले खेळतात, याचा विसर पडू नये.

बांधकामाच्या वेळी हा खर्च किरकोळ वाटतो. मागाहून फरशी फोडताना तोच भारी पडतो. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी आणि ती तारीख, तोंडाच्या नकाशासह, चोपडीत टिपून ठेवावी. आम्ही आता दोन्ही गळे बसविले आहेत. गतवेळी गाडी आली, वरूनच काम झाले आणि तोच मजूर काठावर उभा राहून आमच्याबरोबर चहा प्याला.