सहा फुटांचा उशीर

1997मध्ये जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने साउंड कार्डासाठी ‘एएसआयओ’ हे सॉफ्टवेअर आणलं, आणि घरातल्या साध्या खोलीतही रेकॉर्डिंग करणं सोपं झालं.

साउंड कार्ड आवाजाचे नमुने एकेक करून नव्हे, गठ्ठ्याने हाताळतं. हा गठ्ठा म्हणजे बफर. सेकंदाला 48,000 नमुने धरले, तर 1,024चा बफर भरायला 21 मिलिसेकंद लागतात. 256चा केला की 5.3. तेवढ्या वेळात आवाज हवेतून सहा फूट जातो. गवयापासून तबलजी साधारण एवढ्यावर बसतोच! माइकपासून हेडफोनपर्यंतची ये-जा धरली तर उशीर दुप्पट. एएसआयओ विंडोजचा मिक्सर टाळून थेट कार्डाशी बोलतं, म्हणून लहान बफर चालतो. फारच लहान केला, तर मात्र प्रोसेसर मागे पडतो आणि आवाज तडतडतो.

रेकॉर्डिंग नसून सिनेमा पाहायचा असेल, तर बफर खुशाल मोठा ठेवावा. चित्रही तेवढंच थांबवता येतं.

तिथे महत्त्व 5.1ला, म्हणजे सहा वाहिन्यांच्या आवाजाला. सेटिंगमध्ये त्या सहा वाहिन्या निवडून प्रत्येक स्पीकर वाजवून पाहावा. मागचे दोन स्पीकर समोरच्या रेषेपासून सुमारे 110 अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे हवेत. ऑप्टिकल केबलमधून न दाबलेला आवाज दोनच वाहिन्यांचा जातो. तशा सहांसाठी एचडीएमआय घ्यावी.