हुकलेल्या दोन आखाज्या

बाकी महाराष्ट्रात अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं, आमरस आणि मुहूर्त. खानदेशात ती आखाजी, आणि आखाजी सासुरवाशिणींची. लेकी माहेरी येतात. घागर भरली जाते, सांजोऱ्या तळल्या जातात, लिंबाला झोका बांधला जातो आणि वर्षभर पोटात ठेवलेलं सगळं गाण्यांतून बाहेर पडतं. सासूची उणीदुणी, नवऱ्याची टिंगल, नणंदेचा तोरा. त्या दिवशी कशालाच मनाई नसते. जळगावला खेटून असलेलं असोदा हे बहिणाबाई चौधरींचं माहेर. लिहिता-वाचता न येणाऱ्या या कवयित्रीनं आखाजीवर आणि माहेरावर रचना केल्या. या सणाची बाईला किती गरज असते, हे त्यावरून कळतं.

२०२० मध्ये आखाजी २६ एप्रिलला आली, तेव्हा कडक टाळेबंदी होती. २०२१ मध्ये ती १४ मे रोजी आली, तेव्हा दुसरी लाट होती. सलग दोन वर्षं लेकी माहेरी आल्या नाहीत. मृत्यूंच्या आणि ऑक्सिजनच्या बातम्यांमध्ये या गोष्टीची नोंद कुणी घ्यावी? पण महामारीनं बायकांच्या आणि पुरुषांच्या मनाचं वेगवेगळं काय केलं, हे समजून घ्यायचं तर अशा न झालेल्या भेटींपासूनच सुरुवात करावी लागते.

दोन आकडे, दोन तोंडांना

ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जगभरातल्या पाहण्यांची गोळाबेरीज प्रसिद्ध झाली. २०२० या एका वर्षात महामारीमुळे नैराश्याचे सुमारे ५ कोटी ३२ लाख आणि चिंताविकाराचे सुमारे ७ कोटी ६२ लाख जादा रुग्ण वाढल्याचा तिचा अंदाज होता. नैराश्याच्या वाढीव रुग्णांत बायका साडेतीन कोटींवर, पुरुष पावणेदोन कोटींच्या घरात. चिंताविकारातही बायका पुरुषांच्या दुपटीहून जास्त. एवढंच वाचलं तर निष्कर्ष सोपा: महामारी बायकांच्या मनाला जास्त लागली.

आता राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा अहवाल उघडू. देशात २०१९ मध्ये १,३९,१२३ आत्महत्या नोंदल्या गेल्या. २०२० मध्ये १,५३,०५२ आणि २०२१ मध्ये १,६४,०३३. दोन्ही वर्षं महाराष्ट्र पहिल्या क्रमांकावर. २०२० मध्ये जीव देणाऱ्यांत जवळपास ७१ टक्के पुरुष होते. रोजंदारीवर जगणाऱ्यांची संख्या ३७,६६६, म्हणजे दर चार जणांत एक. एवढंच वाचलं तर निष्कर्ष उलटा: महामारीनं पुरुषांना जास्त मोडलं.

दोन्ही आकडे खरे आहेत. बाईचं दुःख आजाराच्या नोंदीत दिसतं, पुरुषाचं बरेचदा थेट पोलिसांच्या पंचनाम्यात. ते मधल्या टप्प्यावर कुठेच का दिसत नाही, हा कळीचा प्रश्न आहे. बायकांचं सगळं दुःख तरी नोंदीत येतं असंही नाही. २०२० मध्ये आत्महत्या केलेल्या ४४,४९८ स्त्रियांपैकी निम्म्याहून जास्त, बावीस हजारांवर, गृहिणी होत्या. ज्यांचं काम कधी बंद पडलं नाही आणि ज्यांना त्या कामाची मजुरीही नाही, अशा.

पट्टीच वेगळी

नैराश्य ओळखण्यासाठी जगभर ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची यादी वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही असं किती दिवस झालं? उदास वाटलं? झोप बिघडली? थकवा आला? भूक मेली? स्वतःचीच लाज वाटली? लक्ष लागेना? प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. शेवटचा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दलचा. यादी उपयोगाची आहे, तपासून पारखलेली आहे. पण दारू वाढली का, हात उगारला का, गाडी बेफाम चालवता का, पत्ते-सट्ट्यात पैसे घातले का, यातलं काहीच तिच्यात नाही. आणि पुरुषाची घालमेल बहुतेक वेळा याच वाटांनी बाहेर पडते. रडणं शोभत नाही, संतापणं शोभतं, हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये केलेलं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण या दृष्टीनं बोलकं आहे. त्यात व्यसनांची नोंद मानसिक विकारांत धरली होती, आणि एकूण प्रमाण पुरुषांत १३.९ टक्के, स्त्रियांत ७.५ टक्के निघालं. नैराश्य आणि चिंता वेगळी काढली की पारडं बायकांकडे झुकतं. म्हणजे पट्टी बदलली की पुढे कोण हेही बदलतं.

शरीराचा वाटा नाकारायचं कारण नाही. वयात आल्यापासून स्त्रियांत नैराश्याचं प्रमाण पुरुषांच्या जवळपास दुप्पट असतं, हे जगभर दिसतं. संप्रेरकांचे चढउतार, गरोदरपण, बाळंतपणानंतरचे महिने, यांचा त्यात भाग आहे. पण संप्रेरकं २०१९ मध्येही होती. २०२० मध्ये अचानक वाढलेल्या दरीचं उत्तर घरातच शोधावं लागतं.

टाळेबंदीतलं एक घर

असोद्यातलं एखादं शेतकऱ्याचं घर डोळ्यांसमोर आणा. एप्रिल २०२०. खरेदी केंद्रं बंद, म्हणून पुढच्या खोलीत न विकलेल्या कापसाचा ढीग आणि त्यानं अंगाला सुटणारी खाज. केळीला भाव नाही. सुरतेच्या कापडधंद्यात असलेला दीर काम सुटल्यामुळे बायकापोरांसह गावी परतलेला. घरात पाचांची आठ-नऊ माणसं झालेली आणि बाहेरचं वाणसामान महागलेलं.

बाईचा दिवस पहाटे सुरू व्हायचा तसाच सुरू होतो, फक्त संपत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बाईची रोजची सरासरी २९९ मिनिटं घरकामात जात, पुरुषाची ९७. हे टाळेबंदीआधीचं. आता चहा चार वेळा, स्वयंपाक तीन वेळा, आल्यागेल्याचे कपडे वेगळे धुवायचे, दोन पोरांची शाळा एका मोबाइलवर. तिच्या बाहेर पडण्याच्या जागा मात्र एकेक करून गेल्या. निंदणीची टोळी नाही, बचत गटाची बैठक नाही, भजनी मंडळ नाही, श्रावणात कानबाईचे रोट नाहीत. वरवर या कामाच्या किंवा देवाच्या जागा. प्रत्यक्षात तिथे एक बाई दुसरीला सांगायची, ‘बाई, माझा तर जीवच लागत नाही कशात.’ पहिलटकरणीचं तर आणखी अवघड. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण २०२० च्या ऑगस्टअखेरपर्यंत जिल्ह्याची हद्द ओलांडायला ई-पास लागत होता.

त्याच घरातला पुरुष ओट्यावर बसून. पारावर चार जण जमले तर पोलिसांची काठी, चहाची टपरी बंद, बाजार समिती बंद. रोज पैसे आणून देणारा माणूस अशी त्याची घरातली ओळख. तीच गेली. घरात काय करायचं हे त्याला कधी शिकवलेलं नाही. बँकेचा, सोसायटीचा, सावकाराचा हिशोब तो डोक्यात करत राहतो आणि विचारलं तर म्हणतो, ‘काही नाही, सगळं बरं आहे.’ दारूची दुकानं बंद असताना व्यसनी माणसाला थरथर, घाम आणि भास होऊ शकतात. मे महिन्यात दुकानं उघडली तेव्हा रांगा लागल्या आणि त्याचा हिशोब बऱ्याच घरांत बायकांनी चुकता केला. राष्ट्रीय महिला आयोगाकडे २०२० मध्ये २३,७२२ तक्रारी आल्या, सहा वर्षांतल्या सर्वाधिक. आणि तक्रार करायला फोन हाताशी लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात ५४ टक्केच होत्या.

या दोन चौकटींत न बसणाऱ्यांचं काय? रेल्वेत, बाजारात, लग्नाघरी टाळी वाजवून पोट भरणाऱ्या किन्नरांचं उत्पन्न एका रात्रीत शून्यावर आलं. केंद्रानं १,५०० रुपये दिले. त्यांच्या मनाची मोजदाद बहुतेक पाहण्यांत नाहीच, कारण अर्जावर रकाने दोनच.

साथ जुनी, विभागणीही जुनी

१९१८ च्या इन्फ्लुएंझानं हिंदुस्थानात सव्वा ते पावणेदोन कोटी माणसं नेली, असा अंदाज आहे. १९२१ च्या जनगणनेचे आयुक्त जे. टी. मार्टेन यांनी तेव्हाच नोंदवलं होतं की वीस ते चाळीस वयोगटातले मृत्यू फार, त्यातही स्त्रियांचे विशेष, आणि गरोदर बायकांना तो ताप जीवघेणा ठरला. आजाऱ्याची उशा-पायथ्याची सेवा बाईकडे, आणि स्वतः तापात असली तरी दळण-पाणी सुटत नाही, हे त्याचं एक कारण अभ्यासक देतात. सावित्रीबाई फुले यांचा १८९७ मधला मृत्यूही प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाचाच.

कोविडमध्ये उलट झालं. देशात दगावलेल्यांत सुमारे दोन तृतीयांश पुरुष होते. म्हणजे मागे राहिलेल्यांत बायका जास्त. जळगावनं हे फार जवळून पाहिलं. जून २०२० मध्ये देशाचा मृत्युदर तीन टक्क्यांच्या आसपास असताना या जिल्ह्याचा दहा टक्क्यांच्या वर होता. जिल्हा शासकीय रुग्णालयातून बेपत्ता झालेल्या ८२ वर्षांच्या कोविडग्रस्त आजी आठ दिवसांनी तिथल्याच स्वच्छतागृहात मृतावस्थेत सापडल्या, तेव्हा वरिष्ठ अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. अशा बातमीनंतर माणसं दवाखान्याला भिणारच. ताप लपवून घरीच पडून राहिलेल्या माणसाला काढा, वाफ, पथ्य द्यायचं काम कुणाचं, हे सांगायला नको.

नवरा गेलेल्या बाईला नीट रडायलाही मिळालं नाही. अंत्यविधीला मोजकी माणसं, भेटायला कुणी नाही, आणि लगेच सातबाऱ्यावरचं नाव, वारस दाखला, कर्जाचे हप्ते. असोद्याच्या लेकीलाही हे चुकलं नव्हतं. १९१० च्या सुमारास, ऐन तिशीत बहिणाबाईंना वैधव्य आलं. थोरल्या ओंकारला प्लेगनं कायमचं अपंगत्व दिलं. त्या शेत राबत आणि जात्यावर गात राहिल्या. मुलगा सोपानदेव आणि नातलग पितांबर चौधरी यांनी ते टिपून ठेवलं आणि १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. पण सोसणाऱ्या प्रत्येक बाईकडून गाण्याची अपेक्षा ठेवणं हा तिच्यावरचा आणखी एक भार झाला. २०२१ मध्ये हेरंब कुलकर्णी आणि राज्यभरच्या कार्यकर्त्यांनी कोरोना एकल महिलांसाठी समिती उभी केली. शासनानं याच महिलांसाठी ‘मिशन वात्सल्य’ आणलं, आणि त्याचा भर बरोबर कागदपत्रांवर होता. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्यानं तो सगळ्या ग्रामपंचायतींपुढे ठेवला. कुंकू न पुसणं आणि वारस नोंद वेळेत होणं, या दोन्ही गोष्टी मनाच्या आरोग्यात मोडतात.

विचारायचं काय, कुणाला

मानसिक विकार असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्क्यांपर्यंत लोकांना उपचार मिळत नाहीत, असं निम्हान्सचं तेच सर्वेक्षण सांगतं. गावोगावी मानसोपचारतज्ज्ञ नेमणं नजीकच्या काळात शक्य नाही. पण त्याशिवायही काम होतं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ या उपक्रमानं गावातल्याच माणसांना शिकवून तयार केलं, गटचर्चा घेतल्या, गरजूंना डॉक्टरपर्यंत पोचवलं. नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. आपल्याकडे हे काम सहज करू शकेल ती आशाताई. २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत ती ताप आणि ऑक्सिजन मोजत दारोदार फिरली, काही दारांवरून हाकललीही गेली, आणि जून २०२१ मध्ये मोबदल्यासाठी तिलाच संपावर बसावं लागलं. तिच्यावर आणखी एक काम टाकायचं तर पैसे आधी वाढवावे लागतील.

मग प्रश्न माणूस बघून विचारता येतात. ‘डोकं धरतं, हातपाय गळतात, छातीत धडधडतं’ म्हणत बाई तिसऱ्यांदा आली, तर रक्तवाढीच्या गोळ्यांबरोबर विचारावं: झोप लागते का? घरात हात उचलला जातो का? शेवटचं माहेरी कधी गेलात? पुरुषाला ‘उदास वाटतं का’ विचारून उत्तर येणार नाही. किती घेता, कधीपासून वाढली, देणं किती आहे, रात्री किती वाजता जाग येते, हे विचारलं तर तो बोलता होतो. दवाखान्यात तो येतच नसेल तर हे प्रश्न सोसायटीत, कृषी सेवा केंद्रात, सलूनमध्ये पोचवावे लागतील. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ वर मोफत आहे, मराठीतही. तो क्रमांक भिंतीवर रंगवायचा तर रेशन दुकानाच्या जोडीनं पारासमोरच्या भिंतीवरही रंगवावा.

आणि पुढची साथ आलीच, तर अत्यावश्यक गोष्टींची यादी करताना एक बदल करावा. गेल्या वेळी त्या यादीत दूध होतं, औषध होतं, किराणा होता. दारूची दुकानंही सव्वा महिन्यात उघडली. माणसामाणसांतल्या भेटींना मात्र शेवटपर्यंत चैनच समजलं गेलं. मोकळ्या शेतात, अंतर राखून, दहा बायकांची बैठक घेता येते. पाच पुरुषांना बांधावर बसून बोलता येतं. साथीचे नियम पाळूनही हे जमतं. ग्रामपंचायतीच्या आपत्ती आराखड्यात त्याची ओळ आजच घालून ठेवली, तर तेव्हा परवानगीसाठी कुणाच्या तोंडाकडे पाहावं लागणार नाही.