साष्टीचे किनारे आणि भरतीची वेळ



थंडी सरून उन्हें तापूं लागलीं कीं घरोघरीं सुट्टीचे बेत सुरू होतात, आणि अलीकडे त्या बेतांत एखादें बेट हटकून असतें. कोणी अंदमानचें नांव घेतो, कोणी लक्षद्वीपचें, कोणी मालदीवचें. निळें पाणी आणि माडांची सांवली चित्रांत पाहून मुलें हरखून जातात. वडील माणसें खर्चाचा आंकडा ऐकून गप्प बसतात. अशा घरांकरितां आज मी एका जवळच्या बेटाविषयीं बोलणार आहें. कल्याणहून लोकल गाडींत बसलें म्हणजे कळवें आणि ठाणें यांच्यामधील खाडीच्या पुलावर आपण मुख्य भूमि सोडतों, आणि पलीकडे उतरतों तें साष्टी बेटावर. 1853 सालीं बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत जी पहिली आगगाडी धांवली, तिची सारी वाट बेटांवरूनच होती. खाडी ओलांडून ती कल्याणास पोंचली 1854 सालीं.

माझें गांव मोहनें. तें उल्हास नदीच्या कांठीं आहे. मुलांना जिल्ह्याचा नकाशा शिकवितांना मी सांगत असें कीं, आपल्या गांवावरून जी नदी जाते तिनेंच हें बेट वेढलेलें आहे. राजमाचीच्या बाजूच्या डोंगरांतून निघालेली उल्हास कर्जत, बदलापूर करीत आमच्याकडे येते. कल्याणास तिची खाडी होते, कारण समुद्राची भरती तेथपर्यंत चढते. पुढें ठाण्याच्या उत्तरेस तिला दोन फांटे फुटतात. मोठा फांटा घोडबंदरावरून वसईकडे समुद्रास मिळतो व लहान फांटा ठाण्याच्या खाडीनें दक्षिणेस जातो. हे दोन फांटे आणि पश्चिमेचा अरबी समुद्र यांच्यामध्यें जी जमीन राहिली ती साष्टी. सहासष्ट गांवांची म्हणून साष्टी, असें नांवाचें मूळ सांगतात. पोर्तुगीज अमलाच्या खुणा आजही तेथील देवळांत व वाड्यांत दिसतात. मराठ्यांनी हें बेट घेतलें तें वसईच्या मोहिमेंत, म्हणजे 1737 ते 1739 या काळांत.

किनारे पाहावयाचे ते बेटाच्या पश्चिम अंगास. उत्तरेकडून निघालें तर प्रथम उत्तन लागतें. भाईंदर स्थानकाहून तेथें मोटारीनें जातां येतें. त्याच्या दक्षिणेस गोराई, व त्याहून दक्षिणेस मनोरी. गोराईस बोरिवलीहून खाडी ओलांडून होडीनें जावें आणि मनोरीस मालाडहून मार्व्यास येऊन होडींत बसावें. मार्व्याच्या खालीं आक्सा, एरंगळ व मढ. एरंगळास समुद्राच्या अगदीं लगत सेंट बोनाव्हेंचरचें जुनें पोर्तुगीज देऊळ आहे, व जानेवारीच्या दुसऱ्या रविवारीं तेथें मोठी जत्रा भरते. मढहून खाडी उतरलें कीं वर्सोवा. तेथील वाळू कचऱ्यानें पार झांकून गेली होती; 2015 च्या ऑक्टोबरांत अफरोज शाह या वकिलांनीं ती साफ करण्यास आरंभ केला, पुढें शेंकडों माणसें त्यांना मिळालीं, आणि 2018 च्या मार्चांत त्या वाळूंतून समुद्री कासवांचीं पिलें बाहेर पडलेलीं लोकांनीं पाहिलीं. जुहूविषयीं मी सांगावें असें कांहीं उरलेलें नाहीं.

या किनाऱ्यांवरील वाळू पांढरी नाहीं, तपकिरी आहे. पाणीही निळें नाहीं. खाड्यांचा गाळ त्यांत येऊन मिळतो. चित्रांतलें बेट डोळ्यांपुढें ठेवून जाल तर निराश व्हाल. पण गोराईची लांब वाळू, सुरूचीं झाडें, वाळत घातलेल्या बोंबिलांच्या ओळी आणि सायंकाळचा सूर्य, एवढें ज्यास पुरेसें वाटेल त्याचा दिवस आनंदांत जाईल. मात्र तो दिवस कोणता, हें आधीं पाहिलें पाहिजे. आजचा माझा खरा विषय तोच आहे, व तो मीं कसा शिकलों तें सांगतों.

1991 सालच्या थंडींत चाळीस मुलांची सहल घेऊन मी गोराईस गेलों. आगगाडीचें वेळापत्रक पाहिलें, डबे मोजले, मुलांना दोन-दोनांच्या रांगेंत चालविलें; व्यवस्थेंत कांहीं उणें ठेवलें नाहीं, असा माझा समज होता. नऊच्या सुमारास वाळूवर पोंचलों, तेव्हां पाणी दूर होतें. ओल्या वाळूवर डबे, पिशव्या व चपला यांचा ढीग घालून मुलें खेळूं लागलीं. अकराच्या सुमारास मागें पाहतों तों ढीग तरंगत होता. एक मुलगा आपली पिशवी आणावयास पाण्यांत शिरला आणि कमरेइतक्या पाण्यांत त्याचे पाय वाळूवरून सुटले. जवळच मासळी वाळवीत असलेल्या एका कोळणीनें धांवत जाऊन त्याला दंडाला धरून बाहेर ओढलें. मग ती मला म्हणाली, "मास्तर, आज पुनव न्हवं? बाराला पाणी पार वर येतं. पोरं घेऊन आलांत, तीथ नाय बघितली?"

मीं तीथ पाहिली नव्हती. पंचांग घरीं खुंटीला टांगलेलें होतें.

तिनें त्या दिवशीं वाळूवर बसून मला जो हिशेब सांगितला तो कोंकणचे दर्यावर्दी पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. तिथीचा आंकडा घ्यावा व त्याची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल तितक्या वाजतां पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीन वाजतां. अष्टमीस सहा वाजतां. पौर्णिमेस व अमावास्येस तिथी पंधरा धरावी, म्हणजे सव्वाअकरा, व प्रत्यक्षांत बारापर्यंत. भरतीनंतर सुमारें सवासहा तासांनीं ओहोटी पूर्ण होते. हिशेब अर्धापाऊण तास मागेंपुढें होतो, परंतु त्यामागील कारण पक्कें आहे. चंद्र रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तितकीच उशिरा येते. एका तिथीमागें पाऊण तास धरतात तो यासाठीं. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांत गणित तेंच.

पण वेळ कळली म्हणजे सारें कळलें असें नाहीं. पाणी सहा तास सारख्या गतीनें चढत नाहीं. एकूण चढाचे बारा भाग कल्पिले तर पहिल्या तासांत एक भाग, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत तीन, चौथ्यांत तीन, पांचव्यांत दोन व सहाव्यांत एक, असें तें चढतें. म्हणजे मधल्या दोन तासांतच अर्धा चढ होतो. मुंबईकडे मोठ्या उधाणास पाणी चार मीटरांहून अधिक चढतें. तेव्हां त्या दोन तासांत दोन मीटर पाणी वाढलें. आतां पन्नास मीटर चाललें असतां एक मीटर उतरावें, इतकी सपाट वाळू धरा. त्या दोन तासांत समुद्र शंभर मीटर आंत येईल. आम्ही नेमके त्याच तासांत वाळूवर पोंचलों होतों. गणिताच्या तासाला मीं हें उदाहरण पुढें कित्येक वर्षें घातलें.

तर मग जावें केव्हां? लहान मुलांस घेऊन दिवसभरासाठीं जावयाचें असेल तर अष्टमीच्या आसपास जावें. त्या वेळीं भांगाची भरती असते, सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेंत नसल्यामुळें पाण्याचा चढ-उतार पुष्कळ कमी, आणि ओहोटी ऐन दुपारीं. केवळ सकाळ काढावयाची असेल तर चतुर्थी चांगली; नवाच्या सुमारास ओहोटी. आमच्याकडील मंडळी संकष्टीस टिटवाळ्यास गणपतीला जातात, त्यांनीं विनायकी चतुर्थी धरावी. दुपारीं जाऊन सूर्यास्त पाहावयाचा असेल तर द्वादशी-त्रयोदशी. पाणी चारपर्यंत ओसरत जातें. पंचांग न मानणाऱ्यांनीं वर्तमानपत्रांत छापलेल्या भरतीच्या वेळा पाहाव्यात. समुद्राला दोन्ही सारखेंच.

आक्साविषयीं वेगळें सांगितलें पाहिजे. तेथें बुडून माणसें गेल्याच्या बातम्या वारंवार येतात, व त्यांत पोहतां येणारेही असतात. लाटांनीं किनाऱ्यावर आणलेलें पाणी परत जातांना कधीं कधीं एखाद्या अरुंद वाटेनें जोरानें बाहेर धांवतें. दोहों बाजूंस लाटा फुटत असतां मध्येंच जो शांत, गढूळ पट्टा दिसतो तीच ती वाट. आणि नवखा माणूस शांत म्हणून नेमका तेथेंच उतरतो. त्या ओढींत सांपडल्यास किनाऱ्याकडे तोंड करून झगडूं नये, त्यानें दम संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवें पोहत जावें. वाट अरुंद असते, थोड्याच अंतरावर ओढ सुटते. पावसाळ्यांत तर पाण्यांत पाय घालूं नये. त्या दिवसांत कोळीसुद्धां होड्या वर ओढून ठेवतात.

कोळणीनें ओढलेला तो मुलगा आतां स्वतः दोन मुलींचा बाप आहे. दर हिंवाळ्यांत तो मला विचारावयास येतो, "गुरुजी, यंदा कोणती अष्टमी रविवारीं येते?" मी खुंटीवरचें पंचांग काढतों आणि पानें उलटूं लागतों.