कारखान्याचे पाणी आणि समभागाचे मोल

छत्रपती संभाजीनगर शहराप्रमाणेच वाळूज, चिकलठाणा व शेंद्रा येथील औद्योगिक वसाहतींचीही तहान पैठणचा नाथसागर भागवितो. २०१६ च्या उन्हाळ्यात जायकवाडीचा उपयुक्त साठा संपुष्टात आला. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम देऊन मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात प्रथम ५० व नंतर ६० टक्के कपात करण्याचा आदेश एप्रिलमध्ये दिला. इतर उद्योगांच्या वाट्यालाही, प्रमाणाने कमी असली तरी, कपात आली. यंत्रे, कामगार व मागणी जागच्या जागी असूनही केवळ पाण्यावाचून उत्पादन अडू शकते, ही गोष्ट त्यामुळे उघड झाली.

कंपनीच्या बाजारमूल्याशी याचा निकटचा संबंध आहे. एका समभागाचा चालू भाव व एकूण समभागांची संख्या यांचा गुणाकार म्हणजे बाजारमूल्य. ताळेबंदातील जमीन, इमारती व यंत्रे यांची किंमत ही निराळी बाब होय. भाव ठरतो तो प्रामुख्याने पुढील अनेक वर्षांच्या नफ्याच्या अपेक्षेवर. शेतीवर कर्ज देणारा जसा सातबाराबरोबर विहिरीचा तळही पाहतो, तसाच सावध गुंतवणूकदार कारखान्याचे पाणी, धूर व सांडपाणी पाहू लागला आहे. शेंद्र्याला कारखाना असलेली स्कोडा ज्या फोक्सवॅगन समूहात मोडते, त्या समूहाने डिझेल मोटारींच्या धूर-तपासणीत केलेली लबाडी सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत उघडकीस आली आणि त्याच्या समभागाचा भाव दोन दिवसांत सुमारे एक तृतीयांशाने कोसळला.

याच्या उलट, पर्यावरण जपणाऱ्या कंपनीचे मूल्य हमखास वाढते, असे मात्र म्हणता येत नाही. नफ्यात असलेल्या कंपनीलाच अनेकदा असा खर्च परवडतो. तेव्हा कारण कोणते व परिणाम कोणता, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांनी व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल प्रसिद्ध करावा, असे बंधन 'सेबी'ने २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून घातले. पाण्याचा उपसा, सांडपाण्याचा निचरा, ऊर्जेचा वापर, कामगारांचे अपघात इत्यादींचे आकडे त्यात द्यावे लागतात. हा अहवाल कोणाही नागरिकास पाहता येतो. मात्र त्यात एक मोठी उणीव आहे. आकडे संपूर्ण कंपनीचे असतात. पाणीटंचाईच्या क्षेत्रातील कारखान्यांचा स्वतंत्र तपशील देणे ऐच्छिक ठेवलेले आहे. त्यामुळे अन्यत्र झालेल्या बचतीआड वाळूजचा उपसा झाकला जाऊ शकतो. परिसरातील ग्रामपंचायतीने अहवाल हाती घेतल्यास हे पान भरले आहे की कोरे, एवढे प्रथम पाहावे. कोरे असल्यास तशी लेखी विचारणा कंपनीकडे करण्यास कोणतीही आडकाठी नाही.

औद्योगिक वसाहतींतील बहुसंख्य लहान कारखाने या अहवालाच्या कक्षेबाहेर आहेत. त्यांना किती पाणी वापरण्याची व किती सांडपाणी सोडण्याची मुभा आहे, हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रावरून समजते.