पोटाखाली अडीच टन

25 जून 2016 रोजी नाशिकजवळच्या ओझरच्या धावपट्टीवरून एक सुखोई-30 एमकेआय उडाले. पोटाखाली ब्रह्मोस क्षेपणास्त्र होते, अडीच टनांचे, आठ मीटरहून लांब. विंग कमांडर प्रशांत नायर आणि विंग कमांडर एम. एस. राजू यांनी सुमारे पाऊण तास उड्डाण केले आणि क्षेपणास्त्रासह विमान परत उतरवले. त्या दिवशी ते सोडायचे नव्हतेच. तरी मला हे उड्डाण पुढच्या माऱ्याइतकेच मोलाचे वाटते.

ओझरचा हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा (एचएएल) विमान कारखाना 1964 मध्ये मिग-21 बांधण्यासाठी उभा राहिला. पंचक्रोशीत अजूनही ‘ओझर मिग’ म्हटले की पत्ता कळतो. पुढे मिग-27 आले, 2004 पासून सुखोई बाहेर पडू लागली. आराखडे रशियाचे, हात इथले. ब्रह्मोसच्या वेळी मात्र विमानातच बदल करायचा होता, कारण एवढे जड क्षेपणास्त्र टांगण्याची सोय मूळ रचनेत नव्हती. जमिनीवरून डागायचे ब्रह्मोस तीन टनांचे. विमानासाठी आधी तेच हलके करावे लागले. मग सांगाड्याला बळकटी दिली, आणि लक्ष्याची माहिती विमानाकडून क्षेपणास्त्राला मिळेल अशी जोडणी केली.

खरा कस सुटण्याच्या क्षणी. क्षेपणास्त्र आधी नुसते खाली पडते, इंजिन नंतर पेटते. विमान एका झटक्यात अडीच टनांनी हलके होते. त्या क्षणी काय होईल याचे उत्तर वैमानिकाने आकाशात शोधायचे नसते, ते जमिनीवरच तयार लागते.

अमेरिकेच्या जेम्स वेब या अवरक्त दुर्बिणीचीही हीच कथा. तिचा 6.5 मीटरचा आरसा 2017 मध्ये ह्यूस्टनच्या निर्वात कक्षात कडाक्याच्या थंडीत तपासला. पुढच्या वर्षी प्रचंड आवाजाच्या चाचणीनंतर सौरढालीच्या आवरणाचे स्क्रू आणि वॉशर गळून पडलेले दिसले. वेळापत्रक लांबले, टीका झाली. पण दुर्बीण जाणार होती 15 लाख किलोमीटर दूर. तिथे स्क्रू आवळायला कोण जाणार? दोष जमिनीवर सापडला, हेच त्या चाचणीचे यश.

22 नोव्हेंबर 2017 रोजी सुखोईने बंगालच्या उपसागरात ब्रह्मोसचा पहिला मारा केला. जानेवारी 2020 मध्ये तंजावरला या विमानांची 222 स्क्वॉड्रन उभी राहिली. आणि 17 ऑक्टोबर 2025 रोजी ओझरला बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-1ए लढाऊ विमानाने इथूनच झेप घेतली. या विमानाचा आराखडाही आपलाच आहे.