सौरवादळाचा इशारा कोणाच्या टेबलावर?

निवृत्तीनंतर म्हैसूरला स्थायिक झालो आणि सकाळच्या कॉफीबरोबर पावसाइतक्याच नेमाने सूर्याचाही अंदाज वाचू लागलो. सूर्यावर डाग किती, ज्वाला उसळण्याचा संभव किती, पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र शांत राहील की अस्वस्थ, एवढ्याच चार ओळी. बहुतेक दिवशी त्यांत सांगण्यासारखे काही नसते. (‘विशेष काही नाही’ असे रोज लिहिणे हेही कामच आहे, हे सरकारी दैनंदिनी भरलेल्यांना सांगायला नको.)

अशा दैनंदिनीचे मोल मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने दाखवून दिले आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यबिंबावर ज्वाला दिसली आणि अठरा तासांच्या आत वादळ पृथ्वीवर येऊन थडकले. चुंबकीय क्षेत्राची आडवी तीव्रता सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी ढासळल्याचे कुलाब्याच्या वहीत नोंदले गेले. २००३ मध्ये संशोधकांनी त्या वादळाचे माप काढले ते याच आकड्यांवरून. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या. त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार हे ओळखून नानाभॉय मूस यांनी १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभारली. आणि जुने आकडे नव्यांशी जुळावेत म्हणून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी नोंदी चालू ठेवल्या. बदलीच्या वेळी इतकी काळजी घेणारे खाते माझ्या नोकरीत मला भेटले नाही.

एवढा संचय असूनही अंदाज चुकतो. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या अंदाज केंद्राने पाचांपैकी चौथ्या श्रेणीच्या वादळाची पूर्वसूचना दिली. प्रत्यक्षात वादळ पाचव्या श्रेणीला पोचले आणि लडाखमधील हानलेच्या आकाशात तांबडा प्रकाश दिसला. सूर्यातून सुटलेला द्रव्याचा लोट दुर्बिणीतून दिसतो, तो केव्हा पोचेल याचा हिशेब मांडता येतो. परंतु त्याच्यातील चुंबकीय क्षेत्राचा रोख दक्षिणेकडे असेल तरच मोठे वादळ उठते; आणि तो रोख खात्रीने कळतो तो पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरील यानांपाशी लोट आल्यावरच. आपले आदित्य-एल१ जानेवारी २०२४ पासून तिथेच आहे. तिथून पृथ्वीपर्यंत लोटाला पाऊण-एक तास लागतो. वेगवान असेल तर त्याहूनही कमी.

आपण विषुववृत्ताजवळचे, म्हणून १९८९ मध्ये कॅनडातील क्विबेकची वीज नऊ तास गेली तसे इथे घडण्याचा संभव कमी. पण उपग्रहांना अक्षांशाचे संरक्षण नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका किरकोळ वादळाने वरचे वातावरण फुगले आणि नुकतेच सोडलेले स्टारलिंकचे ४९ पैकी ३८ उपग्रह गमावले गेले. आमच्या म्हैसूरहून जेमतेम १२० किलोमीटरवर हासन आहे. देशाच्या दळणवळण उपग्रहांचे नियंत्रण तिथून होते.

नोकरीत असताना पुराचा एक इशारा वेळेवर आला होता. कार्यालयात तो आवक नोंदवहीत चढला, त्यावर क्रमांक पडला आणि माझ्या टेबलावर आला दुसऱ्या दिवशी, पाणी गावात शिरल्यानंतर. त्या वेळी निदान कोणाला दूरध्वनी करायचा हे आराखड्यात लिहिलेले होते. त्या आराखड्यात पूर होता, आग होती, दुष्काळ होता. सूर्य नव्हता.