चौकातला पुतळा आणि तुमचा संशोधन-प्रश्न

पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय, आणि विषय सुचत नाही? मग एका रविवारी सकाळी लवकर, रहदारी वाढायच्या आत, कोल्हापुरात एक फेरी मारा. दसरा चौक, बिंदू चौक, शिवाजी चौक. रमतगमत चाललात तरी तासाभरात होते. सोबत वही घ्या आणि पानावर तीन रकाने आखा : ‘दिसलं’, ‘वाचलं’, ‘वाटलं’.

सुरुवात दसरा चौकातल्या राजर्षी शाहू महाराजांच्या पुतळ्यापासून करू. पुतळा कुठल्या दिशेला बघतोय, चौथरा किती उंच आहे, कोरलेल्या मजकुरात शिल्पकाराचं नाव आहे का? हे सगळं पहिल्या रकान्यात. आता पाठ फिरवून चौक बघा. जवळच मुस्लिम बोर्डिंग आहे, जैन बोर्डिंग आहे. शाहूंच्या काळात कोल्हापुरात जातवार, धर्मवार वसतिगृहं उभी राहिली, ही माहिती दुसऱ्या रकान्यात जाईल. ‘म्हणूनच पुतळा इथं बसवला असणार’ हे मात्र तिसऱ्यात. कारण ते अजून तुमचं अनुमान आहे, पुरावा नाही. बरेच सिनॉप्सिस इथंच फसतात : तिसऱ्या रकान्यातलं वाक्य पहिल्या रकान्यात जाऊन बसतं.

पुढे बिंदू चौक. इथं महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अर्धपुतळे आहेत. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकारानं 9 डिसेंबर 1950 रोजी ते उभे राहिले. शिल्पकार बाळ चव्हाण. तारीख नीट बघा. बाबासाहेबांचं निधन 1956 सालचं. म्हणजे ते हयात असताना, देशाचे कायदामंत्री असताना हा पुतळा झाला.

हा बाबासाहेबांचा ‘पहिला’ पुतळा, असं कोल्हापुरात अभिमानानं सांगतात. संशोधक म्हणून तुम्ही काय करायचं? अभिमान बाजूला ठेवायची गरज नाही, पण दावा तपासायला हवा. ‘पहिला’ हा शब्द लिहायला सोपा आणि सिद्ध करायला फार अवघड. त्याआधीचा एक जरी पुतळा कुठं सापडला, तरी विधान कोसळतं. उलट ‘बाबासाहेबांच्या हयातीत, 1950 साली उभारलेला’ हे विधान भक्कम आहे, आणि खरं तर जास्त बोलकंही आहे. जिवंत माणसाचा पुतळा उभारावा असं या शहराला का वाटलं? ‘पहिला कोणता’ यापेक्षा हा प्रश्न कितीतरी मोठा आहे.

आता शिवाजी चौकाकडे चला. इथं पूर्वी मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचा पुतळा होता. 1942च्या चळवळीत आंदोलकांनी तो विद्रूप केला. त्यात स्त्रियाही पुढे होत्या. पुढे त्या जागी 1945 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा बसला. त्यामागे भालजी पेंढारकरांचा पुढाकार होता. पुतळा बाबूराव पेंटर यांनी घडवला. दोघेही सिनेमातले. कलापूर म्हणतात ते उगीच नाही!

आता दोन तारखा शेजारी ठेवा : 1945 आणि 1950. या दोन्हींच्या मध्ये 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. माधवराव बागल तर प्रजा परिषदेचे नेते, संस्थानात जबाबदार राज्यपद्धती मागणारे, आणि शिवाय स्वतः चित्रकार. म्हणजे पाच वर्षांत सत्ता बदलली, आणि चौकात कुणाची आठवण उभी करायची हे ठरवणारे लोकही बदलले का? बघा, विषय सापडला की नाही.

‘कोल्हापुरातील पुतळे : एक अभ्यास’ असं शीर्षक घेऊन गेलात तर गाइड परत पाठवतील, आणि बरोबरच आहे त्यांचं. त्यात प्रश्न नाही, काळ नाही, मर्यादा नाही. त्याऐवजी ‘1942 ते 1950 या काळात कोल्हापुरात सार्वजनिक पुतळे उभारण्याचा अधिकार कुणाकडे होता?’ असं विचारा. आता काय शोधायचं तेही कळतं : परवानगीचे कागद, वर्गणीच्या याद्या, अनावरणाच्या बातम्या, विरोधाची पत्रं. पुरालेखागारात जा, 1850 पासून चालू असलेल्या करवीर नगर वाचन मंदिरात जा, जुनी वर्तमानपत्रं चाळा.

आणि उत्तर तुमच्या अंदाजाच्या उलट निघालं तर? घाबरू नका. तिसरा रकाना त्यासाठीच आखलाय. त्यातलं एकेक वाक्य पुराव्यानिशी दुसऱ्यात न्यायचं, नाहीतर सरळ खोडायचं. पीएच.डी.ची पुढची चार-पाच वर्षं बहुतेक हेच काम असतं.

पुतळा ज्याचा असतो त्याच्याबद्दल आपण शाळेत शिकलेलो असतो. तो कुणी, कधी, कुणाच्या पैशानं उभा केला, हे मात्र शाळेत कुणी सांगत नाही. ते शोधायचं काम तुमचं.